मळीचा एरिया

परवा राहुरी मागे पडली आणि एस.टी.त माझ्या पुढच्या बाकावर बसलेल्या बाईनं पदर नाकाला लावला.

"काय मेलंय का काय हितं?" तिनं कंडक्टरला विचारलं.

"मेलं न्हाई मावशे. साखर व्हतीय," पंच वाजवत तो म्हणाला.

म्हणजे बॉयलर पेटला होता. दुष्काळानंतर कारखाना पहिल्यांदाच पुऱ्या जोमानं चालू झाला होता. मी पुण्याहून सुटीला घरी येत होते आणि घर यायच्या आधी घराचा वास आला होता. आवंढा गिळला, पण तोही गोड लागला.

मळी म्हणजे साखर निघाल्यावर उरणारा काळा पाक; तिचा वास ज्यांनी घेतला नाही त्यांना तो सांगता येत नाही. नुसती घाण असती तर माणूस तोंड फिरवून मोकळा झाला असता. हा वास आधी गुळाचा असतो. लहान मुलासारखा लाडात येतो, जवळ बसतो. मग त्याच्या आत काहीतरी आंबलेलं, बुरसलेलं, चार दिवसांच्या भिजल्या गोणपाटासारखं असल्याचं कळतं आणि तोवर तो केसांत शिरलेला असतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर चिपाडाची काळी काजळी पडते. झटकली तर पसरते, पुसली तर चिकटते. हंगामभर आमच्या कॉलनीत पांढरं असं फक्त साखरेचं पोतं असायचं, आणि डायरेक्टर लोकांच्या टोप्या.

कॉलनीत या वासाबद्दल बोलायची पद्धत नव्हती. पाहुण्यानं नाक मुरडलं तर अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, ठरलेलं वाक्य होतं. "वास कसला? लक्ष्मी येतीय घरात. तिच्या अंगाचा वास आहे हा." पाहुणा हसायचा. अण्णा हसायचे नाहीत. ते मनापासून म्हणत असत. कारखान्याच्या शेतकी खात्यात ते साहेब होते. कोरडवाहू गावातून शिकून इथवर आलेला माणूस. या वासानं त्यांना क्वार्टर दिली, खुर्ची दिली, आणि त्यांच्या मुलीला नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये बोर्डिंगला ठेवलं. त्यांनी एकदाही खिडकी लावून घेतली नाही. आई लावायची, ते उघडायचे.

दुष्काळाच्या आदल्या हंगामात मी एकोणीस वर्षांची होते आणि घरात माझं नाव बेबी होतं.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. त्या शब्द पाठ करू देत नसत. "वरून तोडू नका, खाली खणा," म्हणायच्या. फळ्यावर एक मूळ काढायचं, लॅटिन किंवा ग्रीक, आणि त्यातून फुटणारे शब्द. मानुस म्हणजे हात. मग मॅन्युअल हाताचं, मॅन्युस्क्रिप्ट हातानं लिहिलेलं, मॅन्युफॅक्चर हातानं घडवलेलं. मला बोलायला लोक लागत नसत. मला हे पुरत असे. रात्री गादीवर पडून मी शब्द सोलायची. इग्निस म्हणजे आग हे कळलं तेव्हा अग्नी आठवून अंगावर काटा आला होता. कोण कुठले रोमन लोक, आणि आमच्या आजोळच्या होमातला शब्द त्यांच्या चुलीत. सिस्टरना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "हे दोघे खरेच भाऊ आहेत. पण जपून. चेहरा सारखा दिसला म्हणून प्रत्येक जण भाऊ नसतो."

ही माझी एकटीची, न बोलता खेळायची गोष्ट होती. अण्णांना ती सापडली.

कोणाच्या उसाला कधी तोड द्यायची हे अण्णांच्या हातात होतं, त्यामुळे हंगामात आमच्या ओट्यावर माणूस हटत नसे. चहा व्हायचा, ऊस व्हायचा, आणि मग अण्णा आत हाक मारायचे. "बेबी, बाहेर ये. विचारा हो पाटील, कुठलाही इंग्रजी शब्द विचारा. मुळापासून सांगते."

मी दारात उभी राहायची. पाटलांना शब्द सुचायचा नाही. मग अण्णाच द्यायचे, त्यांना ठाऊक असलेले ठरावीक. "सांग, सॅलरी." सॅलरी म्हणजे मीठ. "आयला! मंजी सायेब तुमी मिठाव काम करताय व्हय!" हशा. "सांग, कँडिडेट." कँडिडस म्हणजे पांढरं; रोममध्ये निवडणुकीला उभं राहणारा पांढरे कपडे घालायचा. हे डायरेक्टर लोकांना फार आवडायचं. ते आपल्या धोतराकडे बघायचे. एकदा मॅन्युअर निघालं, म्हणजे खत. मी सांगितलं, हेही हाताचंच, हातानं जमीन कसणं. एक म्हातारे बागाईतदार मांडीवर थाप मारून म्हणाले, "बगा! विंग्रजालाबी शेन हातानंच उचलावं लागलं!"

सगळ्यात आधी मी हसले असेन. एकदा, दोनदा. नंतर दरवेशाच्या अस्वलाला नाचताना काय वाटत असेल ते कळलं. ऊस चघळणारी तोंडं, ओट्याखाली थुंकलेली चोयटी, त्यावर बसलेल्या माश्या, आणि त्या सगळ्यात माझा इग्निस. जे मी अंधारात हळूच उघडून बघायची ते दिवसाढवळ्या बशीत घालून फिरवलं जात होतं. दुसऱ्याच्या तोंडातून काढून दिलेला घास खावा तसे ते शब्द मला लागायला लागले. मी आत जाऊन चूळ भरायची. खरंच भरायची.

आणि तरी खणायची सवय सुटत नव्हती. त्याच दिवसांत मोलॅसिस खणलं. आपली मळी. डिक्शनरीत त्याच्या तळाशी मध निघाला. मेल, मध. मी डिक्शनरी मिटून खिडकीबाहेर पाहिलं. मळीच्या खड्ड्यावर काळी साय धरली होती आणि तिच्यात एक कावळा रुतला होता, अर्धा पंख बाहेर. आपल्या लोकांनी त्याच वस्तूला मळ म्हटलं. इंग्रज साहेबानं मध म्हटलं. खोटं कोण बोलत होतं ते नाकाला कळत होतं.

कॉलनीत एक गंमत होती. मळीच्या खड्ड्यापलीकडच्या चाळीत डास फार, ताप फार. तिथले लोक मलेरियाला मळी-एरिया म्हणत. "कुठं राहतो?" "मळी-एरियात." "काय झालंय?" "मळी-एरिया." कोणी विनोद म्हणून सुरू केलं असेल, पण पुढे तो विनोद राहिला नाही. फवारणीवाल्याच्या डब्यावरसुद्धा कोणीतरी खडूनं तसंच लिहिलं होतं.

मला पुण्याला जायचं होतं. इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं होतं. नगरला इंटर झालं तेव्हा अण्णा म्हणाले होते, "एवढा हंगाम जाऊ दे. मग बघू." मी त्या 'बघू'वर सहा-सात महिने काढले. संक्रांत झाली आणि 'बघू'चा दुसरा अर्थ घरी आला. पुणतांब्याहून मुलीला बघायला येणार होते. गोदाकाठची जमीन, मुलगा शेतकीचा पदवीधर, त्याचे मामा शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. अट एकच, मुलगी इंग्रजी बोलणारी हवी. मुलाच्या वडलांना पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. घरात अशी सून असली म्हणजे मोठे पाहुणे आले तर शोभा.

"बोलायला लागतंय कुठं?" आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "ती तर आपल्यातबी बोलत न्हाई."

"शब्द विचारतील. ती सांगेल," अण्णा म्हणाले. "मामांना त्याचाच नाद आहे. बेबीसारखाच. योग असतात हे. आणि बेबी, लग्न झालं म्हणजे शिक्षण थांबतं असं नाही. बघतील ते."

पुन्हा बघू. पसंती आली तर पुणं संपलं, एवढं मला कळत होतं. अण्णांनाही कळत होतं. म्हणून ते माझ्याकडे न बघता बोलत होते.

ते आले त्या दिवशी वारा खड्ड्याकडून होता. आईनं खिडकी लावली. अण्णांनी येऊन उघडली. पाहुण्यांच्या देखत बंद खिडकी म्हणजे वासाची कबुली.

मुलगा भिंतीकडे बघत बसला होता. वाईट नव्हता. पोहे खाताना त्यानं मोहरी निवडून बशीच्या कडेला लावली, एवढंच मला त्याचं आठवतं. मुलाची आई गोरी, ठसठशीत, प्रेमळ आवाजाची. मिश्रीनं दात काळे. मला जवळ बसवून माझा हात धरून बसल्या होत्या आणि अंगठ्यानं तो हात चोळत होत्या, जसा आंबा चोळतात. मामा खुर्चीत. कोट, टोपी, कानात केस. त्यांनी बशीत चहा ओतला, फुरका मारला आणि सुरू झाले.

"मॅट्रिमनी," ते म्हणाले.

"माटेर. आई," मी म्हणाले.

"आन पॅट्रिमनी?"

"पाटेर. वडील."

"अर्थ सांग की! मंडळींना कळूं दे."

"बापाकडून येते ती इस्टेट. आईकडून येतं ते लग्न."

"वा!" मामा म्हणाले. मंडळी हसली. स्वयंपाकघराच्या दारातली आई हसली नाही. माझ्या ओठांना मात्र तो शब्द तसाच लागून राहिला, तुपाचा हात पाण्यानं धुतल्यासारखा.

मग मामा पुढे सरकले. त्यांचा हुकमाचा पत्ता आता येणार होता, डोळ्यांतच दिसत होतं. "आता मी सांगतो, ह्यो माझा सोताचा शोध हाय. पंचवीस वर्सं पोरांना शिकवला. मलेरिया! मल, मंजे संस्कृतात घाण. एरिया, मंजे क्षेत्र. घाणीचं क्षेत्र, तो मलेरिया! लॅटिन आन संस्कृत, दोन्ही एका शब्दात. काय?"

खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. अण्णांच्या चेहऱ्यावर सुटका पसरली; हे त्यांच्या कॉलनीचंच होतं, ओळखीचं होतं. मळी-एरिया.

"बरोबर का न्हाई, बाय?" मामांनी मला विचारलं.

अण्णा माझ्याकडे बघत होते. फक्त मान हलवायची होती. बोलायचंसुद्धा नव्हतं. माझ्यासारख्या मुलीला याहून सोपं काही कोणी मागितलं नसेल. पण ओट्यावरचे सगळे हंगाम माझ्या घशाशी आले. चोयटी, माश्या, तो अर्धा पंख. हा एक शब्द तरी मी त्यांच्या बशीतून उचलून घेणार होते.

"नाही," मी म्हणाले.

माझ्या हातावरचा अंगठा थांबला.

"एरिया नाही. आरिया. म्हणजे हवा. माला आरिया, वाईट हवा. पूर्वी वाटायचं, घाण हवेनं ताप येतो."

बाहेरून वारा आला आणि त्याच्याबरोबर जो यायचा तो आला. सगळ्यांनी एकाच वेळी श्वास घेतला असावा. मला वाटलं, संपलं. मोठ्या माणसाला चुकीचं ठरवलं, आता उठतील, जातील. अंगात एकदम हलकं वाटलं.

मामा गडगडून हसले.

"हवा! मंजे ह्या तुमच्या कॉलनीची का, सायेब? आं? आवो, पोरीनं वासच सांगितला की बापाच्या तोंडाव!" त्यांनी भाच्याच्या पाठीवर थापटलं. "पास! पोरगी पास! माज्यासारक्या मास्तरला उलटून बोलली. सभेत हुबी केली तर फुडच्याची टोपी उडंल. आसलीच पायजे. आणा साखर!"

तेव्हा खरी शिसारी आली. आयुष्यात एकदा नाही म्हणाले होते, आणि तेही त्यांना खेळातलाच पुढचा डाव वाटला. अस्वलानं पंजा उगारला की दरवेशी दोन पैसे जास्त घेतो. अण्णा खाली बघत होते. वास निघाला होता घराचा, पाहुण्यांच्या देखत, आणि तो मी काढला होता. तरी पसंती आली होती. त्या दोन गोष्टी एका चेहऱ्यावर मावत नव्हत्या.

आई वाटीत साखर घेऊन आली. कारखान्याची, जाड दाण्याची. मुलाच्या आईनं चिमूट घेतली. पसंतीची पहिली साखर मुलीच्या तोंडात सासूनं घालायची. "आ कर, माजी बाय," त्या म्हणाल्या. आवाजात खरी माया होती. ती नसती तर बरं झालं असतं. त्यांचं पहिलं बोट मिश्री लावून लावून नखापर्यंत तपकिरी झालं होतं. तेच माझ्या ओठांतून आत आलं, दातांना लागलं, जिभेवर साखर टेकवून बाहेर गेलं.

हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर. आमच्याकडे मिश्री म्हणजे तव्यावर जाळलेली तंबाखू. चेहरा तोच, भाऊ नव्हेत. माझ्या जिभेवर त्या दिवशी दोघी एकदम होत्या.

मी डोकं खाली घालून उठले. सगळ्यांना वाटलं, लाजली. स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत गेले आणि साखर थुंकून टाकली. चूळ भरली, पुन्हा भरली. डिसगस्ट हा शब्द मी फार पूर्वी खणून ठेवला होता: गुस्टुस म्हणजे चव, ती मोडली की डिसगस्ट. पाठ होता. तेव्हा मोरीच्या कट्ट्याला धरून वाकलेली असताना तो कळला. किळस नाकात नसते, डोळ्यांत नसते. कोणीतरी तोंडात घातलेलं आपण गिळायचं की नाही, त्या जागी असते.

मान वर केली तर मागे आई उभी होती. रिकामी वाटी हातात. मोरीतल्या ओल्या दगडावर साखरेचे दाणे चकाकत होते. तिनं ते पाहिले, मला पाहिलं. पदराच्या टोकानं माझं तोंड पुसलं. मग बाहेरच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. त्याआधी ती पाहुण्यांसमोर स्वतःहून बोलल्याचं मला आठवत नाही.

"आवो," ती अण्णांना म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पोरीच्या तोंडातली साखर पडली."

"पडली?" मुलाच्या आईनं विचारलं. "कुठं पडली?"

"मोरीत."

"आगं बया! पहिलीच साखर? मोरीत?"

'टाकली' असं ती म्हणाली असती तर मी मुजोर ठरले असते आणि मामा पुन्हा हसले असते. त्यांना तेही आवडलं असतं. 'पडली' म्हणाल्यावर त्यात माझा हातच राहिला नाही. सगळं साखरेवर गेलं, दैवावर गेलं. एका क्रियापदाचा फरक. मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आसल्यावर इश्वास ठिवायचा नसतो आक्का," असं त्यांनी म्हणून पाहिलं, पण त्यांच्या आक्का उठून नाकापर्यंत पदर घेत होत्या. मुलगा पहिल्यांदा माझ्या बाजूला बघून किंचित हसला. त्यालाही नको असेन. असेल काही त्याचं.

"कळवतो," म्हणून गेले. कळवलं नाही.

अण्णांनी त्या संध्याकाळी आईला एकच प्रश्न विचारला, "पडली का टाकली?" आई भाकरी थापत होती. "मी काय तिच्या तोंडात बसलेवते?" ती म्हणाली. अण्णा ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी मला कोणासमोर कधी बोलावलं नाही. शब्द विचारला नाही. बेबी म्हणणंही हळूहळू गेलं. जूनमध्ये त्यांनी मला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं, ट्रंक टपावर चढवली, आणि वास नसलेल्या गावाला मी एकदाची गेले.

त्याच वर्षी पाऊस आला नाही. पुढच्या हंगामात बॉयलर पेटला तो नावापुरता, ऊसच नव्हता. दिवाळीत मी घरी आले तर हवेला कसलाच वास नव्हता. खड्ड्यातली मळी वाळून भेगाळली होती. बिऱ्हाडं हलली होती. लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते आणि रेशनवरची लालसर मिलो ज्वारी रडत रडत खात होते. तिच्या भाकरीला ना पापुद्रा ना चव. कॉलनीतल्या दोऱ्यांवर कपडे पांढरेशुभ्र वाळत होते. अण्णा खिडकीशी उभे राहून नाकानं काहीतरी शोधत होते. इतकी चांगली हवा मला पुन्हा कधी नको आहे. पण म्हणून मळीचा वास मला आवडू लागला असं कोणी समजू नये. दोन्ही खरं असतं. मला तो वास हवाही नव्हता आणि तो नाही म्हणजे काय तेही मी बघितलं होतं.

परवा एस.टी.तून उतरले ती रुमाल नाकाला लावूनच. ओटा झाडलेला होता, ऊस चघळणारे पुन्हा येऊ लागल्याच्या खुणा होत्या. चोयटी, माश्या. जेवताना आम्ही तिघंच होतो. खिडकी उघडी होती आणि वारा खड्ड्याकडून होता. वरणातसुद्धा तो वास येत होता. मी घास चिवडत होते.

अण्णांनी पाण्याचा घोट घेतला. तांब्या खाली ठेवला. ताटाकडे बघत म्हणाले, "ते मलेरियाचं. तू म्हणालीस ते खरं होतं का? का त्या मास्तरला गप्प करायला?"

इतके दिवस त्यांनी ते ठेवलं होतं. विचारायला ओट्यावर कोणी नव्हतं, ऐकायला कोणी पाटील नव्हता. त्यांना फक्त माहीत करून घ्यायचं होतं.

"खरं होतं अण्णा. वाईट हवा."

"अस्सं," ते म्हणाले. भात कालवला. एक घास खाल्ला, चावला, आणि त्यांचं तोंड जरासं वाकडं झालं.

"मग ती खिडकी लावून घे," ते म्हणाले. "लई घाण येतीय."